प्रवेश : भूत

भूत, पिठाने माखलेले, ११२.
भूत, चिलखतातले, ११५.
भूत, फळ्यांखालून बोलणारे, ११९ आणि पुढे.
परक्या पुस्तकांच्या सूची करणं हा माझा पोटाचा धंदा,
डरहॅममध्ये, एल्व्हेट पुलाजवळ, वरच्या मजल्यावर,
जिथे हीटर रात्रभर खोकतो
आणि खालून नदी जाते, कुणाला न विचारता.

हे पुस्तक डॉक्टर एनिड रास्ट्रिक यांचं. वय एक्याऐंशी.
विषय : चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतली भुतं.
म्हणणं साधंच, पटवायला त्रेचाळीस वर्षं गेली.
जुन्या छापील प्रतींत भूत येतं तेव्हा लिहिलेलं असतं.
जातं तेव्हा पुष्कळदा काहीच नसतं.
राजा जातो, दूत जातो,
प्रेतसुद्धा चौघे उचलून नेतात,
भुताचं जाणं नोंदायला मात्र शाई नाही.
म्हणजे ते तिथंच आहे, बाई म्हणतात,
मेजवानी चालू असताना, लग्न लागत असताना,
विदूषक पांचट कोटी करून वाट बघत असताना,
खांबाला टेकलेलं,
तोंडावरचं पीठ घामाने ओघळतंय.

शेफील्डचे प्राध्यापक क्वार्म्बी म्हणतात : छे.
छापखान्यातला पोऱ्या विसरला. संपलं.
भूत करणारा नट बिचारा आठवड्याच्या पगारावर,
पुढच्या प्रवेशात त्यालाच शिपाई व्हायचंय,
तो खांबाला टेकून कसा राहील?

यावर उत्तर. उत्तरावर टिपण. टिपणावर परिशिष्ट.
दोघं एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' लिहीत,
आणि या तीन शब्दांत किती मिरची मावते
हे मी तळटिपांतून शिकले.
क्वार्म्बी, घाई, ३१.
क्वार्म्बी, गणित चुकणे, ४४, २०४.
क्वार्म्बी, पुन्हा तेच, २०९.

मी सावंतवाडीकडची.
दशावतारातला राक्षस रात्रभर गर्जायचा,
पहाटे तोच विहिरीवर सफेदा धूत बसलेला :
"काय गो, भियालंस मां?"
कानामागे थोडा पांढरा राहायचाच.
म्हणून मला दोघांचंही पटतं,
पण सूची करणारीला मत नसतं.

नोव्हेंबरात क्वार्म्बी वारले.
बाई यॉर्कला गाडी बदलून एकट्या गेल्या,
प्रार्थनेत मागच्या बाकावर बसल्या.
त्यांच्या मुलीने एक पाकीट दिलं :
बाईंचा पहिला लेख, त्र्याऐंशी सालचा,
समास पेन्सिलीने भरलेले. छे. छे. पुरावा? छे.
आणि शेवटच्या पानावर, आडवं, बारीक :
'बरं, राहिलं तिथं. पण मग ते बघतंय काय?'

हे त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं.
मग इतका वेळ काही बोलल्या नाहीत
की मी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

तपासलेली मुद्रितं आली त्यात
संपादकाने रीतीप्रमाणे सगळीकडे
'क्वार्म्बी म्हणतात' खोडून 'म्हणत' केलं होतं.
बाईंनी एकूण सदतीस ठिकाणी
काठ्यांसारख्या अक्षरांत
'म्हणतात' परत आणलं.
मी सांगितलं, माझ्या भाषेत
सरलेल्या काळाला भूतच म्हणतात.
"सोयीचं आहे," त्या म्हणाल्या,
आणि मी चहा घेते का ते विचारलं.

काल सूची पाठवली.
आज प्रकाशकाचं पत्र :
'क्वार्म्बी, २३१' यापुढे एक रेघ आहे,
रेघेपुढे आकडा नाही. कुठपर्यंत?

मी कळवलं,
छापखान्यातला पोऱ्या विसरला असेल.