पुकारा

दर तारखेला सदरहून ऑटो करतो आम्ही.
इर्या सिस्टरच्या मांडीवर कागदांची पिशवी,
वर दोन संत्री.
पासपोर्ट कोर्टाच्या कपाटात. चार उन्हाळे झाले.
फिनलंडला तिची आई
त्या कपाटाला कुलूप असतानाच गेली.

आज तीच म्हणाली, न विचारता:
‘प्रार्थना येत नाही हल्ली, हनोख.
नुसती तुमची क्रियापदं आठवतात.’

व्हरांड्यातल्या कूलरला पाणी नव्हतं.
वकीलसाहेब खर्रा थुंकून आले. बसा म्हणाले.
बसलो.

मग शिपायानं नाव पुकारलं,
मोडून, अर्धंच,
भलत्याच कुणाचं वाटावं असं.
ती हलली नाही.
दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा माझ्याकडे वळली,
तिच्याच रविवारच्या गोष्टीतला
झोपेतून उठून भलत्याकडे धावणारा पोरगा जणू.
मी मान हलवली: मी नाही बोलावलं, बाई.

तिसऱ्या हाकेला
घामानं भिजलेली ती उभी राहिली,
आणि न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या
बंद पंख्याकडे बघत
आमच्या देवळातल्या जुन्या मराठीत म्हणाली,
‘काय आज्ञा?’

पेशकार हसला.
पुढची तारीख एकोणीस जून.

परतीच्या ऑटोत
तिनं एक संत्रं सोललं,
अर्धं मला दिलं.