मध्यंतरापर्यंत

भरमू कंग्राळकरच्या सिनेमातलं खोकं
माझ्या टेंपोतलं.
दोन दारी फ्रीजचं, माझ्याहून उंच,
'ही बाजू वर' लिहिलेलं, शेजारी छत्रीचं चित्र.
पैसे नाही घेतले. म्हटलं, शेवटी नावं येतात
त्यात माझं घाल.
घातलं त्यानं,
सटुप्पाचं सतुप्पा करून.

टिळकवाडीतल्या हॉलात दाखवला, रविवारी, फुकट.
सुरुवात काय झकास होती सांगू!
वडगावचा विणकर हप्त्यावर फ्रीज आणतो.
आत ठेवायला काही नाही,
म्हणून बायको पाण्याचे तांबे ठेवते,
मग एक लिंबू,
मग हप्त्यांचं कार्ड.
आणि त्यांची पोर खोक्यात राहायला जाते.
ब्लेडनं खिडकी कापते,
पायताण दाराबाहेर काढून ठेवते.
आईनं हाक मारली की आतून म्हणते,
"घरात कोण नाही."

माझ्या मागचा चिवडा खाणारासुद्धा
थांबला तेव्हा.

मग भरमूचं काय बिनसलं देव जाणे.
निपाणीहून विणकराचा भाऊ आला,
त्याचं कुणाशी तरी जमलं,
चोर्ल्याच्या घाटात धुकंच धुकं, सात मिनिटं,
मी घड्याळ बघितलं.
मग पाटीवरनं कन्नड-मराठी भांडण,
ते तर आम्हाला चहासारखं.
मग हुबळीचा मॉल, सरकता जिना,
जिन्यावर एक साधू.
आता साधू कुठनं आला?
मी आपला खोक्यापाशीच बसून.
येईल, आता बघेल खिडकीतनं.

पण भरमूला मी कुठल्या तोंडानं बोलू?
गेल्या शनिवारी खडेबाजारात गेलो होतो
मीठ आणायला.
आलो ते स्टीलचे डबे घेऊन, एकावर एक मोफत,
पाव किलो कुंदा,
आणि मोबाईलचं कव्हर,
माझ्या मोबाईलला न बसणारं.
बायको उकळत्या आमटीपाशी उभी.
"मीठ?"

शेवटी आग लागते. कशाला, कळलं नाही.
टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी, गावचा पोरगा.

ती पोर पुढच्याच रांगेत होती,
मुतगेकरांची नक्षत्रा, तिसरीतली,
मध्यंतरानंतर आईच्या मांडीवर झोपलेली.
उठली, डोळे चोळत भरमूला म्हणाली,
"माझं घर कुठं गेलं ओ?"
"रद्दीत," भरमू हसला, "किलोवर."
ती नाही हसली.

रेल्वे गेट पडलेलं. टेंपो बंद करून बसलो.
समोर फलक, सगळा कन्नडात,
मला अक्षरं लावत लावत वाचावं लागतं.
पण मधे शून्य टक्के
एवढं मोठं,
ते आधीच वाचून झालं होतं.

उद्या येळ्ळूरला एक फ्रीज पोचवायचाय.
गिऱ्हाईक म्हणालंय, खोकं आमचं आम्हाला पाहिजे,
वॉरंटीला लागतं.
विचारून बघतो तरी.