पासंग

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची वजनं तपासली.
वजनमापे खातं, पुणे विभाग.
झोळीत पितळेचा संच,
मखमलीच्या खाचांत बसलेली
किलोपासून ग्रॅमपर्यंत उतरत गेलेली भावंडं.
त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं.
घामालाही वजन असतं,
असं खळदकर साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले
आणि त्याच बोटांनी तपकीर ओढली.

सकाळी मार्केट यार्डात भुसाराचे काटे,
दुपारी बोहरी आळीत खिळे, सुतळी, साखळदंड,
दिवेलागणीला लक्ष्मी रोडवर
सराफाचा काचेच्या पेटीतला तराजू.
तिथं मालक आधी पंखा बंद करायचा.
आम्ही दोघं श्वास धरून उभे.
काटा थरथरायचा, थरथरायचा,
मग एकदाचा बसायचा.
कविता म्हणजे काय, असं कुणी विचारलं
की मला तो बंद पंखा आठवतो.
सांगत नाही. सांगितलं की टाळ्या पडतात.

लिहिलं ते बहुतेक जप्तीच्या पावत्यांच्या पाठीवर,
स्वारगेट ते धनकवडी, उभ्यानं,
कार्बनची निळाई तळहाताला.
एक चांगली ओळ बालाजीनगरला सुचली
आणि उतरायच्या गडबडीत बसमध्येच राहिली.
ती अजून फिरत असेल, बिनतिकिटाची.

आणि मापात पाप मीही केलं.
विशेषणाचा अंगठा पारड्याला हळूच टेकवला.
हलक्या ओळीच्या बुडाला आई चिकटवली,
जशी कुणी पारड्याखाली चिंच चिकटवतो.
माझ्या वहीवर धाड पडली नाही.
समीक्षक आले होते एकदा,
चहा चांगला झालाय म्हणाले.

मंडईच्या पायरीवर हौसाबाई शितोळे बसायची.
दोनशे ग्रॅमचं वजन हरवलं,
तेव्हापासून तिच्या पारड्यात नदीतला गोटा.
मी जप्त केला.
कायद्याच्या दृष्टीनं दगडाला वजन नसतं.
पावतीवर तिचा अंगठा घेतला, कोथिंबिरीच्या वासाचा.
ऑफिसात सहज तोलून पाहिला :
दोनशे एकोणीस.
पुन्हा तोलला. पंखा बंद करून तोलला.
म्हणजे इतकी वर्षं
दर गिऱ्हाइकामागे एकोणीस ग्रॅम तिच्या पदरचे.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगायला गेलो.
ती म्हणाली, "मग तेवढी कोथमीर माघारी आणून देता का?"
आणि पाणी शिंपडायला लागली,
जुड्यांवर, थोडं माझ्या बुटांवर.

पुढे एका संमेलनात,
जेवणाच्या रांगेत माझ्या पाठीमागे कुणी म्हटलं,
हा काय कवी, पासंगालाही पुरणार नाही.
मठ्ठ्याची वाटी हातात तशीच राहिली.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण पासंग मी जन्मभर पाहिलाय :
हलक्या पारड्याला बांधलेला दोऱ्यातला खडा,
तराजूनं स्वतःच्या खोटीची दिलेली कबुली.
तेवढं जरी होता आलं.

आता निवृत्ती. पर्वतीच्या बाजूची खिडकी.
गोटा माझ्या टेबलावर, कागदांवर.
(सरकारी मुद्देमाल. निकाली निघाला, मी ठेवून घेतला.)
पंखा चालूच असतो हल्ली, उकडतं फार.
कागद फडफडतात, उडत नाहीत.

मालन महापालिकेच्या शाळेत भूमिती शिकवायची.
ती चष्मा कपाळावर सरकवून वाचते,
पान डोळ्यांशी नेऊन, ओठ न हलवता.
खाली कुकरची तिसरी शिट्टी होते कुणाच्या तरी घरी.
"बाकी ठीक आहे," म्हणते,
"शेवटच्या दोन ओळी चिंचेच्या आहेत. काढ."

काढल्या.