पोकळ वजा

पाटणच्या वखारीत मी टेप धरतो.
घेराची चौथाई, तिचा वर्ग, गुणिले लांबी,
आणि शेवटचा रकाना :
पोकळ वजा.
आत किडलं, कुजलं, पाखरांनी कोरलं,
तेवढं लाकूड नाही असं धरायचं.
तेवीस वर्षं धरतोय.

माघात मला कोळगेवाडीच्या शाळेत नेलं,
झाडांचा अंदाज सांगायला.
गट नंबर एकशे अठरा, मालकीचं रान.
सातबाऱ्यावर एकतीस नावं,
त्यातली सव्वीस कळव्या-घाटकोपरला,
त्यांच्या संमत्या मोबाइलवर आलेल्या.

हिंदुराव मोकाशी आधी बोलले.
"हेच रान बापानं एकदा तोडलं, मी एकदा.
आता तिसऱ्यांदा आलोय.
रान संपतं म्हणता, मग आज काय
गवत कापाय आलोय मी?"
हशा. मीही हसलो.
ऐन बुडातून फुटतो, किंजळ फुटतो,
हे माझ्या टेपलाही ठाऊक आहे.
"आन पाऊस?
पाऊस दर्यावरनं येतो,
वनखात्याचा पास घेऊन न्हाय!"

कराडच्या कॉलेजातल्या मृणाल साळुंखे उठल्या.
त्यांच्याकडे बावीस पानं होती.
अंश, टक्के, हेक्टरी किती टन कार्बन.
मागून कुणी विचारलं,
"कार्बन म्हंजे कोळसाच की?
मग त्योच तर पाडायचाय."
पत्रे तापले होते. लोक चहाकडे बघू लागले.
त्यांनी पानं सरळ केली, परत सरळ केली.

दारात भागाबाई झोरे उभ्या होत्या,
काखेत ताकाची रिकामी किटली.
"फुटव्याला ढोली येती का?"
कुणाला कळलं नाही.
"बारा-पंधरा वर्साच्या झाडाला. ढोली. येती का?"
हिंदुराव खोटं बोलणारा माणूस नाही.
"न्हाय," म्हणाले.
"मग धनेशाची बाई बाळंतपणाला बसंल कुटं?"

साळुंखे बाईंनी सतरावं पान काढलं
आणि न वाचताच मिटलं.

हिंदुरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.
"बरं. पोकळ झाडं सोडतो.
तशीबी त्यास्नी किंमत न्हाय."
टाळ्या.
ठरावात लिहिलं, चहा आला,
दोन्ही बाजू जिंकून घरी गेल्या.

फाल्गुनभर ट्रक उतरले.
पोकळ वजा, शून्य. शून्य. शून्य.
एवढी स्वच्छ वही मी कधी लिहिली नव्हती.
मालकांनी पाठ थोपटली.

चैत्रात वर गेलो, का ते सांगता येत नाही.
पाच झाडं राहिली होती,
लग्न उठल्यावर उभे राहिलेले
मांडवाचे खांब जसे.
एकाच्या ढोलीत हात घातला, कोपरापर्यंत गेला.
कडेला गेल्या सालचा वाळका लेप,
तळाशी बारीक बिया,
एक पीस, पांढरं, टोकाला काळं.
बिया नांद्रुकीच्या.

नांद्रूक ओढ्याच्या काठाला होती.
भरीव होती.
म्हणून ती ठरावात नव्हती.

जेठात एसटी स्टँडवर हिंदुराव भेटले, खरोखर कोड्यात पडलेले.
"सोडली की रं झाडं, शब्दाला जागून!
आलं का एक तरी पाखरू?
म्हंजे मी म्हणतो त्येच खरं,
झाडाचा न् पाखराचा काय संबंध न्हाय."
चहाचे पैसे त्यांनीच दिले.
माझ्या खिशात टेप होता.
मी काहीच बोललो नाही.

मग भागाबाई एकदा वखारीवर आल्या,
फळकुटं न्यायला, चुलीसाठी.
भारा बांधता बांधता म्हणाल्या,
"ती वड्याकडची नांद्रूक. तूच मोजलीस न्हवं?
किती भरली?"

मी वही उघडली.
जळण, सव्वा तीन टन.
आकडा बरोबर होता.