भावे प्रयोग

पहिल्याच दिवशी फाटकावर वॉचमन म्हणाला,
डिलिव्हरी मागच्या दाराने. हिंदीत.
मी मराठीत सांगितलं, इकबाल सिद्दी, मराठीचा शिक्षक.
बोलका पोपट बघून हसावं
तसा तो हसला.

माझगावातली पालिकेची शाळा,
वरच्या मजल्यावरून गोदीची क्रेन दिसते.
तिच्याखाली बापाने एकतीस वर्षं गोणी वाहिल्या.
त्याला कुणी विचारलं नाही कुठल्या देशाचा;
सिमेंटच्या धुळीत सगळे एकाच रंगाचे.

मला विचारतात. पालकसभेत, चहाच्या कपाआडून:
सर मूळचे कुठले?
मुरूडचा.
नाही, त्याच्या आधी?
त्याच्या आधी राजपुरी.
त्याच्या आधी?
आईचं पोट.

खानोलकर बाई वाईट नाहीत.
तुमची उंची, तुमचा आवाज, म्हणाल्या,
पीटीसुद्धा तुम्हीच घ्या
आणि गळ्यात शिट्टी घातली.
एम.ए.ला संतसाहित्य होतं माझं. असो.

आता 'जा सिद्दी सरांकडे'
ही या शाळेतली छडी आहे.
वर्गावर्गातून पोरं येतात,
दारातच हात पुढे करतात.
मी आजवर कुणावर हात उगारलेला नाही,
हे मी कुणाला सांगतही नाही;
सांगितलं तर माझ्याकडे पाठवतील कशाला?

काल बिपिन कडू आला, सातवी ब,
कर्कटकाने बाक कोरला म्हणून.
डोळे मिटून तळहात पुढे.
त्यावर मी खडू ठेवला.
लिही, भावे प्रयोगाचं उदाहरण.
पुस्तकातलं नको, तो शिपाई आणि तो चोर
माझ्या बापाच्याही पुस्तकात होते.

बराच वेळ तो फळ्याकडे बघत राहिला.
मग लिहिलं:
वॉचमनने सरांना अडवले.

त्या सकाळी फाटकावर
माझ्या मागे कोण उभं होतं
ते मला आज कळलं.

बरोबर, मी म्हणालो. का बरोबर, सांग.
क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, सर,
कर्माकडेपण नाही.
कुणाकडेच नाही?
कुणाकडेच नाही.
पूर्वी 'अडवले'वर अनुस्वार देत, मी म्हणालो,
उगाचच, काहीतरी बोलायचं म्हणून.

आता हेच कर्तरीत कर.

खडू मोडला त्याचा. उरलेल्या तुकड्याने लिहिलं:
वॉचमन सरांना अडवतो.

वळून म्हणाला, रोज?

वाक्यात तेवढं दिलेलं नाही, मी म्हणालो.
पुस बोर्ड. जा वर्गात.

बोर्ड त्याने पुसला नाही.