धाव

वेस्ट ट्वेंटी-सिक्स्थ स्ट्रीटवर, विटकोव्स्कीच्या दुकानात
रबराच्या वासात बसलोय.
लेक एरीवरून ढग येताहेत, रात्री बर्फ म्हणतात.
स्टॅन विटकोव्स्की गुडघ्यावर बसून
माझ्या टायरवरची अक्षरं अंगठ्याने पुसतो,
जुन्या नाण्यावरचा राजा ओळखावा तसा.

दोनशे पंचेचाळीस, पंच्याहत्तर, आर सोळा.

"ही कुणी घातली?"
"आधीच्या मालकाने."
"आणि दाराच्या चौकटीवर काय लिहिलंय?"
दोन हिवाळे ते दार उघडतोय,
म्हाताऱ्यांची औषधं पोचवतोय
पार नॉर्थ ईस्ट नावाच्या गावापर्यंत,
पण चौकटीवरचा स्टिकर आजच वाचला:
दोनशे पंधरा, सत्तर, आर सोळा.

या ओळीची रीत अजब.
रुंदी मिलिमीटरात, उंची रुंदीच्या टक्क्यांत,
पोटातली रिम मात्र इंचांत.
तीन मापं एका ओळीत, आणि कुणाचं कुणाशी भांडण नाही.
मी इथे सव्वीस वर्षं राहून
अजून पाऊंडाचे किलो करतो, मगच घाबरतो.

पावतीच्या पाठीवर मांडलं.
दोनशे पंधराचे सत्तर टक्के: साडेदीडशे म्हणू.
त्याची दुप्पट,
कारण रबर चाकाच्या खाली असतं तसं वरही असतं,
आपल्याला फक्त खालचं दिसतं.
सोळा इंचांचे चारशे सहा. बेरीज सातशे सात.
मग माझ्या चाकांची.
सातशे चौऱ्याहत्तर.
पुन्हा केली. तेवढीच.

म्हणजे काटा पंचावन्न म्हणायचा
तेव्हा मी साठावर होतो,
आणि मैलांचा आकडा दर शंभरामागे
नऊ मैल गिळत होता.
फार्मसी मला मैलावर पैसे देते!
मिसेस ओर्लोव्स्का दार उघडून म्हणायची,
"तू नेहमी वेळेआधी येतोस."
मला तो माझा गुण वाटायचा.

आप्पा गाडीच्या चाकाला धाव चढवायचे.
सुतळीने घेर मोजायचे
आणि लोखंडी पट्टी त्याहून बोटभर आखूड धरायचे.
तापली की वाढते, निवली की आवळते, म्हणायचे,
बरोब्बर मापाची धाव पहिल्या ओढ्यात निसटते.
स्टॅनला हे सांगितलं, जमेल तसं.
त्याने ऐकून घेतलं, हात पुसले.
"रबर आवळत नाही," म्हणाला. "झिजतं फक्त.
मग दोनशे पंधराच लावू ना?"

लाव.

झिजेल तसं चाक लहान होईल,
मग तेच अंतर जास्त मैल भरेल.
थोडे परत मिळतील. सगळे नाही.

जॅक खाली आला तेव्हा गाडी
सकाळपेक्षा सव्वा इंच बुटकी उभी होती.
जुनी चार चाकं भिंतीला टेकलेली,
त्यांच्या खाचांत कुणाच्या तरी अंगणातली खडी.
बेफ्रंटवरून परत येताना
काटा चाळीस म्हणाला, मी चाळीसवरच होतो,
आणि कठड्यापलीकडचं पाणी
रोजच्यापेक्षा जरा कमी दिसलं.