चौथा भाग

कन्ना चौकातल्या रद्दीच्या दुकानात
सापडला जपानी चित्रकथेचा चौथा भाग.
एक, दोन, तीन नव्हते. पाचवा नव्हता.
मुखपृष्ठावर तीन बहिणी, पुस्तकांच्या ढिगात गळ्यापर्यंत.
"आपणच की बे," श्रीवाणी म्हणाली
आणि तराजूत तो एकटाच ठेवला.
दीडशे ग्रॅम, चार रुपये.

इंग्रजी आमचं सेमी, पण चित्रं फुल.
पहिलंच पान फाटलेलं. असू दे.
कुठलंही सज्जन पुस्तक उघडतं तसं
डावीकडून उघडलं.

काय गोष्ट होती!
आधी राख. राखेतून धूर, धुरातून आग,
आणि आगीने एकेक पुस्तक
नीट कपाटात परत लावलं.
तिघी रडल्या, मग भांडल्या, मग भांडणाचं कारण घडलं.
चहा कपातून किटलीत चढला.
शेवटी तिघी गाढ झोपलेल्या, पोटावर उघडी पुस्तकं,
काहीच झालेलं नव्हतं.

मौनिका (नाव मौनिका, तोंड मिनिटभर बंद नाही)
इतकी गप्प झाली, आम्हीही,
की चार दिवसांनी आलेलं नळाचं पाणी
येऊन गेलं, कुणालाच ऐकू आलं नाही.
अम्मा रिकाम्या पिंपात डोकावली :
"प्या आता पुस्तक."

आठवड्याने शेंगदाण्याची पुडी सोडली,
तर खारट बोटांखाली तेच फाटलेलं पान :
थांबा! हे पुस्तक उजवीकडून वाचतात.

वाचलं उजवीकडून.
वाचनालय जळून गेलं.
असलं कोण लिहितं?

नान्ना कारखान्यातून आले, भुवयांवर सुताची पांढरी लव.
विचारलं, खरी बाजू कुठली?
त्यांनी खाटेवरची चादर उलटली,
तांबड्यावर पांढरा मोर होता
तो पांढऱ्यावर तांबडा झाला.
"गिऱ्हाईकही हेच विचारतं," म्हणाले,
"मी म्हणतो, थंडी कुठल्या बाजूने वाजते तुम्हाला?"
आणि कडक भाकरी चुरत बसले.

आता पाचवा भाग आम्हीच काढतोय,
नान्नांच्या डिझाइनच्या बारीक चौकड्यांच्या कागदावर.
श्रीवाणी डावीकडून निघालीय, कपाटं मांडत.
मौनिका उजवीकडून, हातात काडेपेटी.
मी मधली.
मधल्या पानावर बादली घेऊन बसलेय.
आज नळाचा दिवस आहे.